मेन स्विच पाड!

अंजनाबाई आरमोरीजवळच्या एका गावात सातवीला विज्ञान शिकवत. चौऱ्याऐंशी साल होतं. गावात वीज आली होती, शाळेपर्यंत मात्र अजून पोहोचली नव्हती. बल्बच नसलेल्या वर्गात विजेचा धडा कसा गळी उतरवायचा? बाईंनी त्याचा खेळ केला. एकाने खिडकीचा गज धरून, शॉक लागून चिकटल्यासारखं, ताठ उभं राहायचं. बाकीच्यांनी त्याला न शिवता भिंतीवर खडूने काढलेला मेन स्विच पाडायला धावायचं. शिवला तो बाद. पोरं मधल्या सुट्टीतही तेच खेळत. ती नुसती खेळतात की शिकतातही, ही शंका मात्र बाईंच्या मनातून जात नव्हती.

धान कापून झालं आणि गिरणीमागच्या बांधीत, म्हणजे रिकाम्या धानाच्या शेतात, नाटकाचा मंडप उभा राहू लागला. शाळा सुटल्यावर बाई पोरांसोबत तिथे रेंगाळल्या. वडशाहून आलेला नट लच्छू दिवे टांगायचा लोखंडी पाइप बांबूंना बांधत होता. वायर धानगिरणीतून ओढून आणलेली. धूळ बसावी म्हणून जमिनीवर नुकतंच पाणी मारलेलं, आणि लच्छू अनवाणी.

एकाएकी तो ताठ झाला. हात पाइपावर, तोंड उघडं, आवाज नाही.

"पाहा, तालीम करून राह्यला!" कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

बाईंच्या वर्गातली रुखमा हसली नाही. "बाई, ते चिकटले!" एवढं बोलून ती गिरणीकडे सुसाट पळाली.

नाटक मंडळाचे बापूराव लच्छूला ओढायला झेपावले. बाई हात पसरून आडव्या आल्या.

"भाऊ, हात नका लावू! तुम्हीबी चिकटाल!"

"मरते नं तो, बाई! सरका!"

तेवढ्यात सगळी पोरं बापूरावांसमोर भिंतीसारखी उभी राहिली. सुकी काठी शोधायला त्या वळल्या, तोच गिरणीची घरघर थांबली आणि लच्छू चिखलात कोसळला.

श्वास चालू होता. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं. थोड्या वेळाने तो कण्हला, "काय झालं मले?" मग कोणाच्या तरी जीपमधून त्याला आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. तळहात भाजला होता, बाकी जिवाला धक्का नव्हता. तरी डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं.

वायरमनने पाहिलं, तर वायर पाइपाला आवळणाऱ्या पट्टीखाली तिचं रबर चेपून फाटलं होतं. पाइप गेला, बांबू आला, वायरही नवी आली.

त्या संध्याकाळी गिरणीच्या पायरीवर बाईंनी रुखमाला जवळ बसवलं.

"तुले भीती नाई वाटली?"

"वाटली नं. मेन स्विचपाशी गेली अन् पाहतो तं हात घामानं ओले. मंग फ्रॉकले पुसले, पायाखाली तिथली सुकी फळी घेतली, मंगच पाडला." ती जरा थांबली. "उशीर तं नाई झाला नं, बाई?"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नाई गं बाई," त्या म्हणाल्या. "अगदी बरोब्बर केलंस."

दुसऱ्या दिवशी नाटक झालं. पट्टी बांधलेल्या हातामुळे लच्छूने डाव्या हाताने तलवार चालवली आणि दोनदा स्वतःच्याच धोतरात अडखळला. मंडप हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्याने हसत होत्या अंजनाबाई.