दोनशे पन्नास ग्रॅमच्या आत

तलासरीत धर्मेशच्या दुकानातल्या टेबलावर एक रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर होतं, तीन बॅटऱ्या, हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याला दिसतं ते दाखवणारा एक चष्मा, बाटलीच्या झाकणात चार सुटे स्क्रू आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा. दोन बॅटऱ्या बाजूला एकत्र होत्या, तिसरी काट्याला खेटून.

सोमवारपासून डहाणूच्या किनाऱ्यावर तिवरांची रोपं वरून मोजायचं तीन महिन्यांचं काम मला मिळणार होतं. बी.एस्सी.नंतरचं पहिलंच. हेलिकॉप्टर स्वतःचं हवं, निदान पाच मिनिटं उडायला हवं आणि कॅमेरा-बॅटरीसकट २५० ग्रॅमपेक्षा कमी भरायला हवं. कामाच्या जागी फाटकावरच तोलणार होते. जास्त भरलं, तर काम यादीतल्या पुढच्या मुलीला.

"दोनशे चव्वेचाळीस!" धर्मेशने काटा माझ्याकडे वळवला. "बघ बेन. पाच मिनिटं आरामात. चष्मा लावला की तूच आत बसलीस असं वाटेल."

आकडा फारच सोयीचा होता. मी पिशवीतून दहा मिलिलिटरची सिरिंज काढली, काट्यावर ग्लास ठेवून शून्य केलं आणि वीस वेळा पाणी सोडलं.

"इंजेक्शन कोणाला, काट्याला?" धर्मेश हसला.

दोनशे मिलिलिटर पाण्याचे काट्याने बरोबर २०० ग्रॅम दाखवले. म्हणजे काटा खरा होता.

सोबत मालूआत्या होती. ती वाणगावच्या बाजारात सुके बोंबील विकते आणि कोणी काही तोलत असेल तर आकड्याकडे नाही, तोलणाऱ्याच्या हाताकडे बघते.

"भाऊ, तीन बॅटऱ्या आहेत, मग तू तीच का उचललीस?"

"सगळ्या सेम आहेत, मासी. लेबल वाच ना."

"मग दुसरी ठेव."

लेबलं सारखीच होती, तिन्हींवर ४५० एमएएच. बाजूच्या दोन्ही भरल्या ४७ ग्रॅम. काट्याजवळची ३६.

"ती जुनी झाली ना, म्हणून हलकी."

"बोंबील आहे काय, वाळून हलका व्हायला?" आत्या म्हणाली.

मी नखाने लेबल उचकटलं. खाली दुसरं लेबल होतं, ३०० चं. एवढ्या बॅटरीवर पाच मिनिटं निघणार नव्हती. मी ४७ ग्रॅमवाली बसवली. काटा २५५ वर गेला.

"फाटकावर एवढं कोण बघतं?" धर्मेश पुटपुटला.

"आम्ही बघितलं ना," आत्या म्हणाली.

तलासरीत दुसरं हेलिकॉप्टर नव्हतं आणि सोमवार परवावर आला होता. मी ते पालथं केलं, तर पुढची लाल-पिवळी प्लॅस्टिकची टोपी हातात डुगडुगली. तिचे चारही स्क्रू त्या झाकणात होते. तेवढं वजनही त्याने आधीच चोरलं होतं.

"ही टोपी कशाला असते?" मी विचारलं.

"खाली उभं राहून उडवणाऱ्याला नाक कुठे, शेपूट कुठे ते कळायला."

"आणि चष्मा लावून उडवणाऱ्याला?"

मी टोपी उतरवली. कॅमेरा टोपीला नव्हता, सांगाड्याला होता. दोनदा हलवून पाहिला, घट्ट होता. मग मागच्या मोकळ्या जागेत उडवलं. आत्याने मोबाइलवर वेळ लावली आणि धर्मेशला हेलिकॉप्टरजवळही फिरकू दिलं नाही. पाच मिनिटं अठरा सेकंद.

सोमवारी फाटकावर वेगळा काटा होता. माझ्या आधीच्या मुलाचं यंत्र २५३ भरलं आणि तो परत गेला. मी त्या काट्यावर ग्लास ठेवला आणि सिरिंज काढली. टेबलामागच्या बाईंनी भुवया उंचावल्या. वीस वेळा पाणी सोडलं, २०० आले. ग्लास उचलला, हेलिकॉप्टर ठेवलं.

२४९.