करपलेला भात आणि एक जर्मन शब्द

"ठाम मत नसलेली पत्रकारिता म्हणजे लोकशाहीची अंत्ययात्रा," गिरीश लिमये म्हणाला. अमेरिकेत वेस्ट विंडसरला मराठी मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखरकाका यांच्या बेसमेंटमध्ये तो उभा होता, आणि हातातली कागदी बशी वाकून खिचडी कार्पेटवर पडत होती.

त्याची ही लोकशाही म्हणजे मंडळाचं त्रैमासिक. गिरीश त्याचा संपादक. पोटासाठी तो औषधांच्या जर्मन पेटंटांची भाषांतरं करायचा; तिथे स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहायची सोय नव्हती. ती हौस त्रैमासिकात भागायची. शहाऐंशीच्या गणेशोत्सवाच्या वृत्तात त्यानं लिहिलं होतं: 'नाटक कोणालाही धरून ठेवू शकलं नाही. मसालेभात करपला होता.'

आता त्याला संपादक ठेवायचा की नाही, यावर कमिटी बसली होती.

"बातमी लिही ना यार. ओपिनियन कोणी मागितलं?" नाटकाचा दिग्दर्शक विनय म्हणाला.

"जर्मनमध्ये याला एक शब्द आहे. गेझिनुंग्सजुर्नालिस्मुस. निष्ठेची पत्रकारिता!"

"वा. काढला कोणी?" काकांनी विचारलं.

गिरीश खाली बसला. किती तरी शनिवार लायब्ररीत घालवून तो त्याच शब्दाचं मूळ शोधत होता. पहिल्यांदा कोणी वापरला, ते कळलं नव्हतं. जिथे भेटला तिथे तो एका संपादकानं दुसऱ्याला हाणलेला होता. स्वतःला लावून घेतलेला कुठेच नाही.

"कोणी ते कळलं नाही. मला सापडला तो शिवी म्हणूनच," तो म्हणाला. चुकीचं भाषांतर त्याच्यानं होत नसे.

"डॅड, जस्ट से सॉरी," जिन्यावरून त्याची मुलगी दीपा म्हणाली.

"सॉरी कशाबद्दल?" काकांच्या पत्नी मृणालिनीकाकू चहा घेऊन आल्या. उत्सवातला भात त्यांनीच केला होता. "करपलाच होता."

"अगं, तू त्याची बाजू घेतेस?" काका म्हणाले.

"बाजू कसली! ट्रे शाळेच्या ओव्हनमध्ये गरम करायला ठेवले, म्हटलं दोन मिनिटं नाटक बघून येऊ. शेवटपर्यंत मला उठवलंच नाही हो तिथून."

विनयनं आणखी खिचडी वाढून घेतली.

संपादकपद राहिलं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली: 'नाटकानं एका प्रेक्षकाला धरून ठेवलं होतं.'

भाताबद्दल दुरुस्ती नव्हती.