दोन तलावांची पाहुणी

मी एक म्हातारी न्यूट्रिया आहे. मित्रांनो, नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. घुशीहून थोराड, पाण्यात राहणारी, परदेशी उंदराची जात माझी. माझे दात संत्र्याच्या रंगाचे आहेत. निदान नागपूरकरांनी तरी मला परकी म्हणू नये.

मी इथे आपल्या पायांनी आले नाही. हिंगण्याजवळच्या एका फार्महाऊसवाल्याने पाहुण्यांना दाखवायला आमची जोडी आणली. लवकरच त्याची हौस फिटली आणि त्याने आम्हाला नाल्यात सोडून दिलं. त्या नाल्याने आम्हा दोघांना कौसल्याबाईंच्या तलावात पोचवलं.

तलावभर शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या. बाई कंबरभर पाण्यात उभ्या राहून त्या लावायच्या; त्यांचं घर त्यावरच चालायचं. मी वेली मुळापासून कुरतडल्या. भूक लागली की खायचं, यात मला आजही लाज वाटत नाही.

बाईंनी पिंजऱ्यात गाजर ठेवलं आणि मी सापडले. पुढचं काम शेजारच्या मनोहररावांनी अंगावर घेतलं. घरात सापडलेला उंदीर ते नेहमी पलीकडच्या गल्लीत सोडून येत. मलाही त्यांनी मोटरसायकलला बांधलं आणि टेकडीपलीकडच्या तलावात सोडलं. जीव वाचवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. तिथेही शिंगाडेच होते! तिथल्या लोकांनी मला पकडलं आणि तितक्याच दयाळूपणे परत इकडे आणून सोडलं. पहिल्या तलावात माझी पिल्लं होतीच, पोटात होती ती दुसऱ्यात झाली. दोन गावांनी मिळून माझा वंश वाढवला आणि नावं मात्र मला ठेवली.

पुढच्या हंगामात दोन्ही तलावांत हिरवं पान उरलं नाही. मी पुन्हा सापडले, तेव्हा मनोहरराव दोर घेऊन आले. कौसल्याबाई पिंजऱ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आता नाही नेऊ देत, भाऊ. तिकडचे शिंगाडे का आपोआप उगवते? तेबी कोण्या बाईनंच लावले.”

“मंग करतं काय वं, कौसल्या? मुका जीव हाय, मारून टाकतं का त्याले?”

“वनखात्याले फोन लावते. ते येईपर्यंत मी इथून हालत नाही.”

मी तारेला दात लावून त्यांच्याकडे पाहत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. पण इतक्या माणसांत मला शत्रू म्हणून सरळ वागवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मग वनखात्याने दोन्ही गावांत एकाच वेळी पिंजरे लावले. माझा जोडीदार, माझी पिल्लं, सगळी एकेक करून धरली गेली. कुठे नेली, ते मला कोणी सांगितलं नाही. त्यांची फार आठवण येते. मी वनखात्याच्या जाळीमागे एकटी राहते. कौसल्याबाईंच्या तलावात यंदा वेलींनी पुन्हा जीव धरला आहे, असं चारा टाकणारी बाई सांगते.

मित्रांनो, मला तुमची कीव नको, क्षमाही नको. परदेशी प्राणी हौसेने आणू नका. आणलात तर शेवटपर्यंत सांभाळा. नकोसा झाला म्हणून त्याला कुठल्याशा पाण्यात सोडून हात जोडाल, तर एवढं ध्यानात ठेवा: तो जगेल, मी जगले तसा. तुमच्या दयेची किंमत आधी पलीकडच्या काठावरची बाई मोजेल, आणि नंतर त्याची पिल्लं.