माझं गळकं छत आणि कासियानोची शपथ

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. माझा रंग उडाला आहे, एक दार दुसऱ्याच गाडीचं आहे आणि चढ आला की मला खोकला येतो. तरीही कारानावीहून ला पास शहराकडे जाणाऱ्या डोंगररस्त्यावर, जिथे नव्याकोऱ्या गाड्या चिखलात बसकण मारतात, तिथून मी चारही चाकांनी वर येते. मी एक जुनी डोंगरगाडी आहे. माझी तक्रार चिखलाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो कासियानो, माझा पहिला मालक. माझ्या छतात सरकत्या काचेची खिडकी आहे, तिला सनरूफ म्हणतात. कारानावीत तशी दुसरी गाडी नव्हती. कासियानो उतारू घेऊन निघाला की मुद्दाम बाजारातून जायचा आणि ती खिडकी उघडायचा, मग पाऊस असो की धुरळा.

दर ऑगस्टमध्ये तो मला कोपाकाबानाला कुमारी मातेच्या, म्हणजे आमच्या देवीच्या, देवळापुढे न्यायचा. तिथे पाद्री माझ्यावर पवित्र पाणी शिंपडायचा. गळ्यात फुलांच्या माळा, चाकांवर बिअर आणि अंगभर रंगीत कागदाच्या टिकल्या. बाकीचे लोक टिकल्या बाहेरून उधळत. कासियानो मात्र माझी खिडकी उघडून मूठमूठभर आत टाकायचा.

"घे गं माझी राणी, पोटभर खा नशीब!" असं म्हणायचा. मी किती फुगायची म्हणून सांगू! असे सोळा ऑगस्ट गेले.

सतराव्या पावसाळ्यात माझं छत गळायला लागलं. पहिला थेंब कासियानोच्याच टोपीवर पडला. दुसऱ्या दिवशी मागच्या बाईंची शाल भिजली. लोक हसले. मग मी राणी राहिले नाही. "रडूबाई, आज किती रडणार?" असं तो सकाळी सकाळी विचारू लागला.

त्याने मला एलाडियो मिस्त्रीकडे नेलं. एलाडियो चढून बसला, काच उघडून डोकावला आणि खो खो हसला.

"अरे कासियानो, खिडकीत पाणी येणारच. त्यासाठी काचेभोवती ही पन्हळ आहे. चार कोपऱ्यांत चार बारीक नळ्या आहेत, त्यातून पाणी चाकांपाशी उतरतं. तुझ्या नळ्यांत सोळा वर्षांच्या टिकल्या कुजून बसल्यात. सायकलच्या ब्रेकची तार घालून साफ केल्या की झालं."

"देवीपुढच्या टिकल्या?" कासियानो दचकला. "त्या उपसून गटारात टाकू? म्हणजे माझं नशीब मीच धुऊन टाकायचं? काहीतरी चिकटवून दे बघू."

"चिकटवून काही व्हायचं नाही."

"मग मीच चिकटवतो."

आणि त्याने चिकटवलं. काचेच्या चारी कडांना रबरी चिकाचा जाड थर दिला आणि वरून रंग मारला. माझी खिडकी त्या दिवशी कायमची मिटली. मला वाटलं, जाऊ दे, भाबडा आहे, देवीला भितो. तोवर मी त्याच्यावर रागावलेच नव्हते, खरं सांगते.

पुढच्या कोरड्या महिन्यांत त्याने मला विकायला काढलं. घ्यायला बेनिता आली. तिचं डोंगरावर कॉफीचं लहानसं रान आहे. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कासियानो त्याचा धर्मपिता झाला होता. तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणते आणि तो तिला कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं.

बेनिताने माझं छत हाताने चाचपलं. "कोंपाद्रे, गळत-बिळत तर नाही ना? वर्षाची कॉफी यातूनच न्यायचीय. पोतं भिजलं की बुरशी, आणि बुरशी आली की कॉफी विकत घेणारी सहकारी संस्था सगळा माल परत पाठवते."

"कोमाद्रे, काय बोलता!" कासियानोने छातीवर हात ठेवला. "आपल्या पोराची शपथ, एक थेंब येणार नाही."

मित्रांनो, मी तिथेच उभी होते. ज्या हाताने मला सतरा वर्षं चालवलं तोच हात छातीवर ठेवून तो खोटं बोलला, आणि ते खोटं माझ्याच छतात दडवून विकलं. मला भोंगा आहे, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

ऑक्टोबरच्या शेवटी बेनिता कॉफीची शेवटची खेप घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत पाऊस लागला. चिकाला एक बारीक भेग पडली होती, तेवढी पुरली. नळ्या बंद, त्यात मी चढावर, सगळं पाणी मागे वाहिलं आणि थेट पोत्यांवर उतरलं. बेनिताने गाडी थांबवली, अंगावरची शाल काढून पोत्यांवर घातली आणि स्वतः भिजत बसली. तरी पाच पोती गेली. संस्थेने सगळा माल परत केला.

दुसऱ्या दिवशी ती मला एलाडियोकडे घेऊन गेली. त्याने छत पाहिलं आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

"नळ्या तुंबल्यात, तार घालून साफ करायच्या. हे मी तुमच्या कोंपाद्रेला मागच्याच वर्षी सांगितलं होतं."

"त्यांना ठाऊक होतं?"

"सगळं."

बेनिताने शाल काढून माझ्या पायरीवर ठेवली. मग हात पुढे करून ती म्हणाली, "ती तार द्या इकडे."

पात्याने चीक तिने स्वतः खरवडला. चारही नळ्यांत हळूहळू तार फिरवली, कारण जोर केला तर नळी आतल्या आत निसटते. काळा, लाल, हिरवा लगदा बाहेर आला. मग तिने पन्हळीत तांब्याभर पाणी ओतलं. ते चारी चाकांपाशी खळखळ उतरलं. एवढंच काम होतं, मित्रांनो. एका सकाळचं.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, कासियानो मुसळधार पावसात रस्त्यात हात करताना दिसला. बेनिताने त्याला घेतलं. तो टोपी झटकत बसला. त्याने वर बघितलं, काचेवर हात फिरवला. कोरडं ठणठणीत.

"बघा कोमाद्रे," तो खुशीत म्हणाला, "उगाच गावभर माझी बदनामी. गाडी मी नीटच ठेवली होती."

बेनिताने मला थांबवलं. "उतरा."

"इथे? अहो, गाव दोन तास लांब आहे!"

"उतरा, कोंपाद्रे. थोडं भिजाल. माझी कॉफीही भिजली होती."

तो उतरला. वळण येईपर्यंत तो मला आरशात दिसत होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सतरा वर्षांत त्याला पावसात सोडून मी कधीच गेले नव्हते.

मित्रांनो, आम्ही जुन्या झालो की जरूर विका, त्याचा आम्हाला राग नाही. फक्त आम्ही कुठे गळतो ते पुढच्या माणसाला सांगून विका. आम्ही दुरुस्त होतो. बेनिता मात्र अजून कासियानोच्या घरी जात नाही.