माझं झालंय

डॉक्टरांनी विचारलं, "यांचं जेवण कधीपासून कमी झालं?" मी मुलीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघांनाही सांगता येईना. बायकोच्या अन्ननलिकेत गाठ आहे आणि उशीर झालाय, हे त्याच दिवशी कळलं. सात आठवड्यांत ती गेली.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. पाच ग्रॅमचा फरक माझ्या हाताला कळतो. पण घरातलं माणूस निम्मं झालं ते दिसलं नाही, कारण आम्ही एकत्र जेवतच नव्हतो. मी टीव्हीसमोर, मुलगी तिच्या खोलीत. बायको म्हणायची, "माझं झालंय, तुम्ही घ्या." आम्ही घ्यायचो.

परवापरवा मुलगीही म्हणाली, "बाबा, माझं झालंय." मी तिच्याकडे नीट पाहिलं. गुबगुबीत होती म्हणून तिची आई तिला ढमी म्हणायची. त्या ढमीचं घड्याळ आता मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं.

विचारायची छाती झाली नाही. मला जे येतं ते केलं. छोटा काटा घरी आणला. कामाला जाताना भाजीचं भांडं वजन करून ठेवायचं, आल्यावर पुन्हा करायचं. चार दिवस आकडा छान उतरत होता. पाचव्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात, वर्तमानपत्राखाली, सगळी भाजी सापडली.

ढमी मागेच उभी होती. "माझ्यावर काटा लावलाय? मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"तसं नाही गं…"

"मग स्वतः समोर बसायचं ना. काट्याला कशाला बसवता?"

त्या संध्याकाळी टीव्ही लावला नाही. टेबलावरचे स्क्रू आणि वजनं उचलून दोन ताटं मांडली.

"सावकाश हो बाबा. कुणी हिसकावून घेत नाहीये."

"सवय आहे."

"आई म्हणायची ते खरंय. तुम्ही जेवत नाही, पोतं भरता."

मी हसलो. तेवढ्यात तिनं तिसरा घास घेतला. बराच वेळ चावला, पाणी प्यायली, गळ्याला हात लावला.

"काय झालं?"

"अडकतं."

माझा घास तोंडातच राहिला. "कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

"मग सांगायचं नाही का मला?"

"कधी सांगू? तुम्ही भेटता कुठे?"

शेजारच्या नर्सबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुःखानंही असं होतं, पण दाखवून घ्या. घाबरून बसू नका." मी मान हलवली.

त्याला नऊ दिवस झाले. रोज आम्ही समोरासमोर जेवतो. ती अर्धं ताट संपवते, कधी त्याहून कमी. तिचा प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत मी बघत राहतो, आणि ती म्हणते, "बाबा, डोळे वटारू नका, त्यानंच अडकतं." दवाखान्याचा नंबर दोनदा लावला, पलीकडून आवाज येताच ठेवून दिला.

ढमीला अजून डॉक्टरांना दाखवलेलं नाही.