विसरभोळे दिवे

आमच्या जावयाने आणलेल्या दिव्यांना एक कोटी साठ लाख रंग होते. खोक्यावर तसं छापलं होतं आणि जावईबापूंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं, कारण मला कमी ऐकू येतं असा त्यांचा समज आहे. मला व्यवस्थित ऐकू येतं. मी उत्तर देत नाही, एवढंच. आजवर मी फार तर वीस-बावीस रंग पाहिले असतील आणि त्यातल्या निम्म्यांची नावं बायकोला विचारावी लागतात. बाकीचे पाहायला मला सवड कधी मिळणार होती, हे जावईबापूंनाच ठाऊक.

जावईबापू खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माणसाने पाठीचा कणा कसा ठेवावा यावर ते लोकांना भाषणं देतात. आमची मुलगी आणि ते याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही दोघं पहिल्या. इमारतीच्या समितीचे चिटणीसही तेच. मी अडतीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. आमच्या दोघांत बोलण्यासारखं काय असणार?

पूर्वी दिवा लावायला एक बोट लागायचं. आता फोन लागला, फोनमध्ये ॲप लागलं, ॲपला पासवर्ड लागला, पासवर्ड आठवायला माझी मुलगी लागली, आणि एवढं सगळं झाल्यावर दिवा लागला. तोही जांभळा.

"आई, बघा! आता बसल्या जागेवरून सगळं," जावईबापू म्हणाले.

"आम्ही कुठे उठून धावत होतो, जावईबापू?" बायको म्हणाली. पण तिला जांभळा आवडला होता. माझ्यासमोर ती तसं कबूल करत नाही.

माझ्या वाचायच्या खुर्चीवरच्या दिव्याचं नाव त्यांनी फोनमध्ये 'बाबा' ठेवलं. मग फोनपाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, बंद!" दिवा विझला. सगळे हसले. मीही हसलो, न हसणारा माणूस उठून दिसतो.

नियम एकच होता. भिंतीवरच्या बटणांना हात लावायचा नाही. दिव्याला म्हणे आतून सतत वीज हवी, नाहीतर त्याचा फोनशी संपर्क तुटतो. जावईबापूंनी दोन्ही बटणं चालू ठेवून त्यांच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबांची काही काळजी नाही. ते फ्रिज उघडायच्या आधीसुद्धा विचारतात."

हे खरं आहे, म्हणून ते मला जास्त लागलं.

आता मला माझी खोड सांगितली पाहिजे. संध्याकाळी पाचला आम्ही फिरायला निघतो. बायको पुढे होऊन खाली बाकावर बसते, मी घर बंद करतो. दिवा बंद आहे हे दिसत असतं, तरी मला शंका येते. बंद आहे की गेलेला आहे? म्हणून मी तो लावून बघतो. लागला की बंद करतो. बंद केल्यावर वाटतं, बटण नीट खाली बसलं का? पुन्हा लावतो. असं सहा-सात वेळा झाल्याशिवाय मला कुलूप घालता येत नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आणि बायकोला वाटतं ही खोड मी कधीच सोडली. मी फक्त तिला पुढे पाठवायला शिकलो.

नवे दिवे फोनवरून बंद केले की बटण मात्र चालूच राहायचं. झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाकडे पाठ फिरवून जावं तसं मला वाटे. म्हणून पहिल्याच दिवशी मी नखाने चिकटपट्टी सोडवली, दोन बोटांनी दोन्ही बटणं माझं समाधान होईपर्यंत चालू-बंद केली आणि शेवटी बंद करून निघालो. परत आल्यावर ती चालू केली आणि पट्टी जशीच्या तशी चिकटवली. फाटकी पानं चिकटवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, तर पट्टीचं काय घेऊन बसलात?

पण परत आल्यावर सगळे दिवे डोळे मारत होते.

साडेसातला जावईबापू खाली उतरले, फोन हातात धरून पाऊण तास खटपट केली आणि दिव्यांना पुन्हा ओळख पटवून दिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवे रोज त्यांना विसरत होते आणि रोज नव्याने विचारत होते, आपण कोण? खरं सांगतो, हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायलाच हवा होता. पण त्याच्याशी माझा काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. बटणाने दिवा बंद होतो, एवढंच माझं ज्ञान.

आधी त्यांनी इंटरनेटला शिव्या घातल्या. मग दिवे बदलून आणले. नवे दिवेही विसरले. अकराव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, जावईबापू स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "वायरिंग. दुसरं काही असूच शकत नाही. त्या टेस्टरने घाण करून ठेवलीय."

टेस्टर म्हणजे आमचा वायरमन. खिशात कायम टेस्टर खोचलेला असतो म्हणून हे नाव. खरं नाव मी तरी कधी विचारलं नाही. पंचवीस वर्षं इमारतीची विजेची कामं त्याच्याच हातची. सगळ्या इमारतीची वायर बदलायचं ठरलं होतं आणि ते काम त्यालाच मिळणार हे सगळे गृहीत धरून होते. तोही. त्याने दोन महिने दुसरं काम धरलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, एवढं मोठं काम पुन्हा मिळणार नाही, असं तो माझ्या बायकोला म्हणाला होता.

"रविवारी समितीत विषय काढतो," जावईबापू म्हणाले. "काम कंपनीला देऊ. ज्याला घरातले तीन दिवे सांभाळता येत नाहीत, त्याच्या हातात इमारत द्यायची?"

गुरुवारी दुपारी मी दिव्यांबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचलं. जावईबापूंनी ते पहिल्याच दिवशी केराच्या बादलीत टाकलं होतं आणि मी उचलून ठेवलं होतं, कारण छापलेला कागद टाकलेला मला बघवत नाही. त्यात अकरा भाषा होत्या, आपली नव्हती. मी शब्दकोश आणि भिंग घेऊन बसलो. नवव्या पानावर लिहिलं होतं की दिवा दुसऱ्याला द्यायचा असेल, तर त्याने जुनी ओळख विसरावी यासाठी बटण लागोपाठ पाच वेळा चालू-बंद करावे.

मी भिंग खाली ठेवलं. आधी घाम फुटला. मग, काही मिनिटांनी, मला हसू आलं. अकरा संध्याकाळी तो माणूस स्टुलावर उभा राहून दिव्यांची मनधरणी करत होता आणि उत्तर त्याने स्वतःच्या हाताने केरात टाकलं होतं! खुर्च्या विकणाऱ्याने वाचू नये, हे ठीकच आहे.

त्या दिवशी पाच वाजता बायकोला पुढे पाठवून मी पट्टी सोडवली आणि मोजून बटणं दाबली. एक, दोन, तीन, चार, पाच. बटण बंद झालं की नाही याची आयुष्यात पहिल्यांदा मला शंका नव्हती.

संध्याकाळी दिवे विसरले. जावईबापूंनी टेस्टरला फोन केला.

शुक्रवारी सकाळी टेस्टर आला. जावईबापू कामावर उशिरा जाणार होते, खास यासाठी.

"उघडा सगळ्या पेट्या," ते म्हणाले.

"उघडतो ना साहेब. पण मागच्याच महिन्यात इथे मीटर लावून बघितलंय. वायर चोख आहे."

"मग काय, दिवे वेडे आहेत?"

"दिव्याला अक्कल दिलीत," टेस्टर म्हणाला, "आता वेड लागायचंच. बिनअकलेचा दिवा कधी वेडा झालेला ऐकलाय?"

बायको हसली. जावईबापू हसले नाहीत. "हलकी वायर घातली असेल तर आत्ताच बोला. वायरीचे पैसे खाणारे मी खूप बघितलेत."

टेस्टरने स्टुलावरून खाली पाहिलं. स्टूल डुगडुगत होतं म्हणून मी दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याची चप्पल माझ्या नाकापासून वीतभर होती. मी बोलणार होतो. वाक्य तयार होतं. पण जावईबापू समोर उभे होते आणि मला त्यांचा चेहरा आणखी एक दिवस तसाच बघायचा होता, हेही खोटं नाही.

टेस्टरने सात पेट्या उघडल्या आणि सातही बंद केल्या. कुठेच काही निघालं नाही. मी त्याला चहा दिला. "काका, तुम्ही तरी आहात," तो म्हणाला.

रविवारी दहा वाजता समिती बसली, तळमजल्यावरच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. टेस्टर दाराशी उभा होता. जावईबापूंनी सगळी हकीकत सांगितली, तारखांसकट, आणि टेस्टरने वायरीचे पैसे खाल्ले असणार, हेही. "माझ्या सासऱ्यांच्या घरातली गोष्ट आहे, ऐकीव नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी टेस्टरकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं मीटरने सांगितलंय. त्यावर विश्वास नसेल तर मी बोलून काय करू?"

मी उभा राहिलो. उभं राहणं हे बोलण्याच्या किती आधी येतं, हे मला तेव्हा कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खिशातलं पत्रक नुसतं चाचपत होतो.

"बाबा, बसा," जावईबापू म्हणाले. "चक्कर येतेय का?"

"बटण," मी म्हणालो.

"काय?"

"बटण मी दाबतो. रोज. सहा-सात वेळा. बंद आहे की नाही ते बघायला." खिशातून पत्रक काढून मी नववं पान वाचून दाखवलं. भिंग घरी राहिल्यामुळे मला दोन ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या.

अध्यक्षांनी पत्रक हातात घेऊन पाहिलं. मग कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळी खोलीच हसायला लागली.

"अगं बाई," बायको मागच्या रांगेतून म्हणाली, "अजून आहे ती खोड?"

"म्हणजे वायरिंगमध्ये दोष नाही," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले.

"मी तेच म्हणत होतो," जावईबापू म्हणाले. "आधी वापरणाऱ्याला तपासा." तेही हसत होते, सगळ्यांत मोठ्याने. पाठीचा कणा इतका लवचिक असू शकतो, हे त्यांच्या भाषणात नसतं. काम टेस्टरला मिळालं. हात वर झाले आणि पाच मिनिटांत विषय संपला.

जिन्यापाशी टेस्टरने माझे दोन्ही हात धरले. "काका, वाचवलंत. एवढ्या लोकांत स्वतःचं हसं करून घ्यायचं म्हणजे सोपं नाही."

त्याचे आभार मला सहन होईनात. "मला गुरुवारीच कळलं होतं," मी म्हणालो.

त्याने हात सोडले नाहीत, पण पकड सैल झाली. "म्हणजे शुक्रवारी ठाऊक होतं."

"हो."

"मी वर होतो. तुम्ही स्टूल धरलं होतं."

"हो. आणि गुरुवारी संध्याकाळी मी मुद्दाम दाबलं होतं. जावईबापूंची फजिती व्हावी म्हणून."

आता त्याने हात सोडले. "तुमचा जावई मूर्ख आहे, काका. मूर्खाचं मी मनावर घेत नाही. तो तोंडावर चोर म्हणाला, मीही तोंडावर ऐकलं." मग त्याने खिशातला टेस्टर नीट खोचला. "हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मलाच का सांगता? मी काही बोलणार नाही, म्हणून?"

तो निघून गेला. मी तीन मजले चढलो.

जावईबापू कोचावर पाय पसरून टीव्ही बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं: गुरुवार, नववं पान, मोजून पाच वेळा.

ते हसले. "तुम्ही? मुद्दाम? बाबा, मुद्दाम काही करायला धमक लागते. उगाच मनाला लावून घेऊ नका."

"बाबा, पाणी देऊ का?" मुलगी आतून म्हणाली.

"मी खरं सांगतोय."

"बरं, खरं," लहान मुलाला म्हणावं तसं ते म्हणाले.

"तुम्ही मूर्ख आहात असं मला वाटतं," मी म्हणालो. "लग्न ठरलं तेव्हापासून वाटतं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून मी ते केलं आणि त्यासाठी टेस्टरला तुमच्या शिव्या खाऊ दिल्या."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, आता उठतील, हाकलून देतील. मी जवळजवळ वाटच बघत होतो.

"हे टेस्टरला माहीत आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ताच सांगितलं."

"आणि समितीत?"

"नाही. तिथे बटणाचं तेवढंच."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मग नका सांगू, बाबा. सासऱ्याने बारा दिवस नाचवलं म्हणतील. माझी शोभा होईल. त्याला काम मिळालंय ना? झालं तर."

टेस्टरला त्यांनी चार माणसांत चोर ठरवलं होतं आणि ती चार माणसं आता फक्त माझी खोड आठवून हसत होती. वायरीचे पैसे खाल्ल्याचा शब्द कुणीच परत घेतला नव्हता. तो परत घ्यायला लावणं माझ्या हातात होतं.

"नाही सांगत," मी म्हणालो.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की खाली समितीत एक शब्द उच्चारायला मला घाम फुटला होता, आणि हे दोन शब्द बोलायला मात्र मला जरासुद्धा वेळ लागला नव्हता.