ओझेला प्रुइटच्या जन्माचा पुरावा

ओझेला प्रुइट आमच्या कोर्टात आली ती ऑगस्टच्या भर उन्हात, वीस मैलांवरून, सुनेच्या ट्रकमधून. वय एकोणऐंशी. अमेरिकेच्या आरमारात असलेल्या नातीला जपानात मुलगी झाली होती. पणतीला बघायला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्मदाखला हवा, आणि तो तिच्याकडे कधी नव्हताच.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, नोंदी मी सांभाळते. १९४० सालचं पुस्तक दोनदा चाळलं. नाव नव्हतं. त्या काळी आम्हा काळ्यांची बाळंतपणं घरीच व्हायची; सुईण यायची, कागद कोण करणार? अटलांटातल्या राज्याच्या ऑफिसानं तिला तीनदा नकार कळवला होता.

“म्हणजे मी जन्मलेच नाही म्हणायचं,” ती हसून म्हणाली. पर्सचा बंद मात्र घट्ट धरला होता.

आमचं बेलफर्ड म्हणजे मधे कोर्ट आणि चारी बाजूंना दुकानं, एवढंच. पण लग्नाला, जमिनीला, भांडणाला सगळी काउंटी इथंच येते, त्यामुळे कोण कुणाचं हे इथं कुणाला तरी ठाऊक असतंच. जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या हॉटेलात विचारलं. कर्टिस न्हाव्यानं सांगितलं, त्या भागातली सुईण म्हणजे टेनी गेट्स. तिची लेक लूव्हिनिया चर्चमागं राहते, एक्क्याण्णव वर्षांची. जेवण तसंच टाकून तो तिला आणायला गेला. तोवर मला तळघरात जुन्या शाळेचं १९४६ सालचं हजेरीपुस्तक सापडलं: ओझेला, पहिली इयत्ता, वय सहा.

लूव्हिनियाबाई ठेवणीतली हॅट घालून आल्या. ओझेलाकडे बघत राहिल्या.

“पायाळू गं तू. मी बारा वर्षांची होते, आईनं मला पाणी तापवायला बसवलं होतं. तुझी आई माझ्या आईला शिव्या घालत होती, आणि तुझा बाप अंगणात खेचराशी बोलत होता.”

जजसाहेब स्वतः खाली आले. त्यांनी लूव्हिनियाबाईंची शपथेवर साक्ष घेतली, हजेरीपुस्तक पाहिलं आणि जन्मदाखल्याच्या हुकुमावर सही केली. मी शिक्का मारला.

ऑक्टोबरात ओझेला जपानला जाऊन आली. पण त्या दुपारी दाखला हातात पडल्यावरही ती घरी निघेना. तिची आई ती चार वर्षांची असतानाच गेली होती. कोर्टासमोरच्या बाकावर ती लूव्हिनियाबाईंना बारीकसारीक विचारत बसली: आई उंच होती का, गायची का, कशावरून चिडायची. सुनेनं दोनदा हॉर्न वाजवला. मग तीही ट्रक बंद करून ऐकायला आली.